पुरातत्त्वशास्त्रातील एम.ए. : दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

पुरातत्त्वशास्त्रात एम.ए. करावे का, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला ओळखीच्या आणि अनोळखी अशा अनेक विद्यार्थ्यांनी विचारला आहे. दर वेळी फोनवर घाईघाईने अर्धेमुर्धे उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. मी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील एका विद्यापीठातून पूर्ण केला. त्या विभागाचे नाव येथे देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते या शिक्षणाविषयी, आणि ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या निरनिराळ्या ठिकाणी शिकलेल्या माझ्या स्नेह्यांच्याही वाट्याला कमीअधिक प्रमाणात आल्या आहेत. माझे मत आधीच सांगते. हा अभ्यासक्रम पाहायला फार उत्तम शिकवतो. पाहिलेले आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायला मात्र तो जवळजवळ शिकवत नाही.

माझे बालपण प्रवरेच्या खोऱ्यात गेले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि पुढे नेवासे ही तिन्ही गावे याच एका नदीच्या काठी आहेत, आणि महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आज जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या तीन ठिकाणच्या मातीतून वर आला आहे. जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तेथे मिळालेल्या, लाल पृष्ठावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेल्या मृद्भांड्यांमुळे एका संपूर्ण संस्कृतीलाच त्या गावाचे नाव मिळाले. नेवासे आम्हाला माहीत होते ते ज्ञानेश्वरीमुळे आणि पैसाच्या खांबामुळे. तेथील लाडमोड टेकडीत त्याहून कितीतरी जुनी वस्ती दडलेली आहे, हे शाळेत कोणीही सांगितले नव्हते. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनाही ते कोणी सांगितलेले नव्हते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, एम.ए.च्या पहिल्या महिन्यात, फळ्यावर काढलेल्या नकाशात मला माझी नदी दिसली, तेव्हा आनंदाच्या बरोबरीने खंतही वाटली.

त्याच आठवड्यात दायमाबादच्या धातुशिल्पांवरचे व्याख्यान झाले. १९७४ मध्ये दायमाबाद येथे एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जोडलेला रथ. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, त्यावर उभा असलेला सारथी, आणि चारही वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक. एवढे सांगून झाल्यावर सरांनी चित्रे बाजूला ठेवली आणि उरलेला पाऊण तास फक्त एकाच प्रश्नावर घालवला: या वस्तू नेमक्या कोणत्या थरात होत्या? त्या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली बाहेर आलेल्या नसल्यामुळे त्यांच्याभोवतीची माती, शेजारची खापरे, वरचा आणि खालचा थर यांची नोंद त्या क्षणी झाली नाही. पुढे पुरातत्त्वज्ञ सा. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात तेथे विस्तृत उत्खनन केले, वस्तीचा क्रम उलगडला, आणि तरीही त्या शिल्पांच्या कालनिश्चितीविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. धातूच्या पृथक्करणावरून एक जण एक सांगतो, थरांच्या अनुमानावरून दुसरा दुसरे सांगतो. वस्तू कितीही अद्भुत असली तरी तिची जागा हरवली की तिच्याविषयी ठामपणे बोलण्याचा आपला अधिकार किती कमी होतो, हे मला त्या पाऊण तासात कळले. अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचे व्याख्यान कोणते, असे विचारले तर मी आजही हेच सांगेन.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि हा या शिक्षणाचा मोठा गुण आहे. माझ्या वर्गात इतिहास आणि संस्कृतचे विद्यार्थी होते, तसेच भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलेलेही होते. पहिल्या सत्रात अश्मयुगीन हत्यारांचे प्रकार पाठ करताना इतिहासवाले गोंधळतात, दुसऱ्या सत्रात मूर्तिशास्त्र आणि नाणकशास्त्र आले की विज्ञानवाल्यांची धांदल उडते, आणि या धांदलीतूनच एकमेकांना शिकवण्याची सवय लागते. विषयांचा पसारा मोठा आहे: प्रागितिहास, आद्येतिहास, ऐतिहासिक काळ, शिलालेख, नाणी, वास्तुकला, पर्यावरण, प्राण्यांचे अवशेष, मानवी सांगाडे, संग्रहालयशास्त्र, शिवाय १९५८ चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती. दोन वर्षांत यातील प्रत्येक विषयाला न्याय मिळत नाही. काही विषय तर केवळ ओळख करून दिल्यासारखे होतात, आणि परीक्षेपुरत्या टिपणांवर भागवण्याचा मोह होतो.

महाराष्ट्रात हा विषय शिकण्याला जी परंपरा लाभली आहे तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तेथे रुजू झाले, आणि पुढल्या काही दशकांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायी हिंडून, नदीचे काठ तपासून, टेकाडे खणून या प्रदेशाच्या प्राचीन भूतकाळाची चौकट उभी केली. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे याच संस्थेत होत्या. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठात हा विषय रुजवला आणि विदर्भातील शिळावर्तुळांचे, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडी वर्तुळांचे, उत्खनन केले. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले ते त्याच उत्खननांत. ही नावे आम्हाला वर्गात केवळ आदराने सांगितली जात नव्हती; त्यांच्या निष्कर्षांतील कोणता भाग आज टिकतो आणि कोणता तपासून पाहायला हवा, याची चर्चा होई. गुरुजनांचे म्हणणे त्यांच्यासमोर खोडून काढण्याची मोकळीक ज्या विभागात आहे, तेथे प्रवेश घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन.

प्रयोगशाळेतील शिक्षणाविषयी माझे मत पूर्णपणे अनुकूल आहे. जळून काळे झालेले हाडाचे बोटभर तुकडे टेबलावर पसरलेले असतात आणि त्यांतून गाय कोणती, म्हैस कोणती, हरिण कोणते हे ओळखायचे असते. शेळी आणि मेंढी यांची हाडे वेगळी काढणे इतके अवघड आहे की अनुभवी माणसेही पुष्कळदा दोघांची नोंद एकत्रच करतात, आणि ‘नक्की सांगता येत नाही’ असे कागदावर लिहिण्याची लाज वाटू नये, हा धडा तेथे मिळतो. थरांतील माती पाण्यात कालवून तरंगणारे बारीक कण गाळून घेतले की त्यांत जळके दाणे सापडतात. जळाले म्हणूनच ते टिकले, एरवी केव्हाच कुजून गेले असते. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या प्राचीन वस्तीतले लोक प्रामुख्याने जव पिकवत होते, हे अशाच दाण्यांवरून समजले. पाठ्यपुस्तकातील एका ओळीमागे किती बादल्या पाणी आणि किती चाळण्या असतात, हे स्वतः चाळणी हातात धरल्याखेरीज उमगत नाही.

प्राचीन शिलालेखांच्या ब्राह्मी लिपीचा तासही असाच. प्रारंभी तो कंटाळवाणा वाटतो, कारण अक्षरे गिरवण्यापलीकडे काही घडत नाही. दोन-अडीच महिन्यांनी आम्हाला कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, नेले. व्हरांड्यातल्या लेखासमोर उभे राहून मी एकेक अक्षर जुळवत गेले आणि ‘वेजयंतितो सेठिना भुतपालेन सेलघरं परिनिठपितं जबुदिपम्हि उतमं’ हे वाक्य माझ्या तोंडून, अडखळत का होईना, पूर्ण झाले. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे करवले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तो सांगतो. आमच्या बाजूने एकवीरेच्या दर्शनाला आलेली माणसे जात होती. त्यांतल्या एका आजोबांनी थांबून विचारले, “ताई, काय लिहिलंय ते?” मी सांगितल्यावर ते काही क्षण त्या अक्षरांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “एवढी वर्षं येतोय, आज कळलं.” त्या आजोबांची मला पुढेही पुष्कळदा आठवण झाली.

आता उत्खननाविषयी, कारण या अभ्यासक्रमाचा खरा कस तेथे लागतो. आमचे शिबिर एका सातवाहनकालीन टेकाडावर होते. गावकरी त्याला ‘पांढर’ म्हणत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, हा भेद आपल्या भाषेत इतका जुना आणि नेमका आहे की शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती आणि कचरा साचून बनलेल्या टेकाडाला यापेक्षा अचूक शब्द मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही. दुर्दैवाने याच पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची पद्धत असल्यामुळे अनेक टेकाडे निम्मीअधिक संपली आहेत, आणि आमच्या टेकाडाचीही एक बाजू अशीच कातरलेली होती.

पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन, मध्ये न खणता राखलेले मातीचे बांध, खुंट्या, सुतळी, ओळंबा, टेप, घमेली आणि चाळण्या अशी सगळी मांडणी पहिल्या दोन दिवसांत झाली. (ज्यांना जायचे आहे त्यांनी गवंड्याच्या थापीसारखी दिसणारी लहान ट्रॉवेल स्वतःची घ्यावी, आणि पाते व दांडा एकाच लोखंडाचे आहे याची खात्री करावी, जोड दिलेली ट्रॉवेल कडक मातीत आठवडाभरही टिकत नाही.) पहिला आठवडा मला सर्व माती सारखीच दिसत होती. सकाळी दव असताना थरांचे रंग वेगळे दिसतात आणि दुपारच्या उन्हात सगळे एकजीव होऊन जाते, म्हणून महत्त्वाची निरीक्षणे सकाळी करायची, हे मला सांगितले गेले होते. मला सकाळीही काही दिसत नव्हते.

नवव्या दिवशी मी चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यात खरवडत होते. माझ्याबरोबर गावातल्या एक साठीच्या बाई कामाला होत्या, त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणत असू. त्या घमेले उचलायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. “थांब पोरी, हात थांबव. ही सारवलेली भुई हाय.” मला तेथे मातीखेरीज काही दिसेना. मावशींनी माझ्या हातून ब्रश घेतला, चार बोटे जागा झाडली आणि तिच्यावर पाण्याचा हलका शिपका मारला. पिवळट, घट्ट, गुळगुळीत असा एक पापुद्रा दिसू लागला, आणि त्याच्यावर हाताने सारवताना उमटतात तशा अर्धवर्तुळाकार रेषाही. त्यांनी आयुष्यभर स्वतःचे घर सारवले होते, म्हणून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची जमीन त्यांना ट्रॉवेलच्या आवाजावरून आणि मातीच्या वळणावरून ओळखता आली. पुढच्या दोन दिवसांत त्या जमिनीच्या कडेला काळपट, मऊ मातीने भरलेले गोल डाग मिळाले. ते लाकडी खांबांचे खळगे होते. तेव्हापासून माझे डोळे उघडले. शेवटच्या आठवड्यात चौकोनाच्या उभ्या भिंतीवर सुतळीची आडवी रेषा बांधून, दर वीस सेंटिमीटरला माप घेत मी आलेखाच्या कागदावर सर्व थर काढले, तेव्हा कोणता थर कोठे संपतो हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

दुपारनंतर खापरांचे काम असे. दिवसभरात निघालेली खापरे धुवायची, वाळवायची, प्रत्येकीवर स्थळाचे, चौकोनाचे आणि थराचे चिन्ह बारीक अक्षरात लिहायचे, मग पोत, रंग आणि काठाच्या आकारानुसार लावायची. कंटाळा येतो, बोटे सुरकुततात, आणि तरीही हे काम टाळणारा विद्यार्थी पुढे कच्चा राहतो, असे माझे निरीक्षण आहे. कारण उत्खननात खणलेला थर पुन्हा कधीही खणता येत नाही. तो उरतो तो फक्त या चिन्हांत, मापांत आणि वहीतल्या नोंदींत. एका पिशवीतली चिठ्ठी हरवली तर त्या पिशवीतल्या साऱ्या खापरांची अवस्था दायमाबादच्या रथासारखी होते.

शिबिराच्या गैरसोयींविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. आम्ही मुली अकरा होतो आणि आमच्यासाठी शौचालय एकच, तेही तंबूपासून दूर आणि रात्री दिव्याविना. उन्हात दिवसभर काम असताना आम्ही पाणी कमी पीत होतो, आणि त्याचा परिणाम म्हणून आमच्यातील दोघी आजारी पडल्या. उत्खननासाठी परवानगी, निधी आणि यंत्रसामग्री यांची तजवीज महिनोन्महिने आधी होते; मग एका जादा शौचालयाची आणि दोन दिव्यांची तजवीज होऊ नये, याला कोणतेही कारण पुरेसे नाही. प्रवेश घेण्यापूर्वी विभागातील आधीच्या वर्षांच्या मुलींना शिबिराच्या सोयींविषयी जरूर विचारावे. मजुरांच्या बाबतीतही असेच. मावशींसारख्या माणसांची नजर आमच्या नोंदींत जमा होते, पण त्यांचे नाव वहीत हजेरीपलीकडे कोठेही येत नाही. सारवलेली जमीन कोणी ओळखली, हे मी माझ्या वहीत लिहिले आहे.

येथून मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. दोन वर्षांत आम्ही वाचले ते बहुतेक सगळे इंग्रजीत, लिहिले ते इंग्रजीत, आणि लघुप्रबंधही इंग्रजीत सादर केला. शास्त्राची देवाणघेवाण जगाशी व्हायची तर ते आवश्यक आहे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु मराठीत एक पानही लिहावे लागले नाही, गावकऱ्यांसमोर दहा मिनिटे बोलण्याचाही सराव कोणी करून घेतला नाही. शिबिर संपताना सरपंचांनी आम्हाला शाळेत बोलावले आणि काय सापडले ते सांगा म्हणाले, तेव्हा आम्ही सोळा-सतरा पदव्युत्तर विद्यार्थी एकमेकांकडे पाहत राहिलो. ‘थर’, ‘खापर’, ‘पांढर’, ‘सारवण’, ‘कणगी’, ‘रांजण’ असे सगळे शब्द आमच्या घरांत होते, आणि आम्ही मात्र इंग्रजी पारिभाषिक शब्दांना मराठी प्रत्यय लावून बोलत होतो. मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काही कळत नाही हे दिसत होते. कार्ल्याचे आजोबा मला तेव्हा आठवले.

याच्या जोडीला अहवालांचा प्रश्न आहे. इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे पंधरा वर्षे चालले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून अधिक घरे, जमिनीखाली दोन कुंभांची तोंडे जुळवून पुरलेली मुले, घोट्यापासून पाय तोडून पुरलेली मोठी माणसे, आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी गोल झोपड्या येतात हा बदल, हे सारे आज आपल्याला तपशिलाने माहीत आहे, ते म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या अहवालामुळे. ढवळीकरांनी मराठीतही विपुल लिहिले, आणि ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांना या विषयात शिरण्यासाठी त्यांचे लेखन आजही उपयोगी पडते. याउलट मी ज्या उत्खननात काम केले त्याचा अंतिम अहवाल मी हे लिहीपर्यंत प्रसिद्ध झालेला नाही. माझ्या हातचा तो थरांचा आलेख कोणत्या तरी कपाटात आहे. टेकाडाचा तो भाग आता उरलेला नाही आणि त्याची हकीगतही कोणाला वाचता येत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. विद्यार्थ्यांना उत्खनन शिकवताना अहवाल पुरा करण्याची शिस्तही त्याच आग्रहाने शिकवली गेली पाहिजे, आणि त्या अहवालाचा पंधरा-वीस पानांचा मराठी सारांश गावच्या ग्रामपंचायतीत आणि शाळेत पोहोचला पाहिजे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चार श्रेयांकांचे काम म्हणून ते देता येईल.

नोकरीविषयी थोडक्यात. केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात पदे मोजकी आहेत आणि जाहिरातींची वाट पाहावी लागते. अध्यापनाकडे जायचे असल्यास नेट या पात्रता परीक्षेत पुरातत्त्वशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. संग्रहालये, वारसास्थळांचे दस्तऐवजीकरण, नकाशे आणि सर्वेक्षण यांत काम मिळते, पण ते बहुधा कंत्राटी असते. माझ्या वर्गातील निम्म्याहून कमी जण आज या क्षेत्रात आहेत. घरची आर्थिक जबाबदारी लगेच उचलायची असेल त्यांनी या गोष्टीचा घरच्यांशी बसून विचार करावा, आणि सोबत भूमापन, छायाचित्रण किंवा संगणकीय नकाशे यांपैकी एखादे कौशल्य पक्के करावे.

एवढे सगळे लिहूनही मी हा अभ्यासक्रम घ्यावा असेच सांगेन. ज्यांना खजिना, रहस्य किंवा आपल्या पूर्वजांच्या थोरवीचा पुरावा हवा आहे त्यांची येथे निराशा होईल, कारण येथे पुष्कळ वेळा हाती येते ते गाळात रुतलेले एक खापर आणि त्याच्याविषयीचे तीन सावध शब्द. प्रवेश अर्ज भरण्याआधी एक काम करून पाहावे. पहिले दोन पाऊस पडून गेल्यावर आपल्या गावाजवळच्या पांढरीवर किंवा जुन्या गावठाणात सकाळी लवकर जावे, पावसाने धुऊन वर आलेली खापरे नुसती न्याहाळावीत, एकही न उचलता ती कोठे दाट आहेत आणि कोठे विरळ आहेत याचा वहीत कच्चा नकाशा काढावा, आणि शेताच्या मालकाला त्या जागेला काय म्हणतात ते विचारून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दोन-तीन तास गेले आणि उन्हाची जाणीव झाली नाही, तर अर्ज भरावा.